तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या जोडीदारांचे क्ष-किरण स्फोट: सातारा-सांगलीतून निरीक्षण कसं सुरू करावं

क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. वातावरण ते वरच्या वर शोषून घेतं. त्यामुळे कासच्या पठारावर कितीही मोठी दुर्बीण नेली तरी तिच्यातून क्ष-किरण दिसणार नाहीत. नवीन माणसाचा पहिला गैरसमज इथेच असतो, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

तरीही या विषयात हौशी माणसाला खरं काम आहे. यातले काही तारे स्फोटाच्या वेळी दृश्य प्रकाशातही उजळतात. त्यांच्यावर द्विनेत्री, छोटी दुर्बीण किंवा साधा डीएसएलआर कॅमेरा घेऊन रोज नजर ठेवता येते, हा पहिला भाग. दुसरा भाग उपग्रहांनी मोजलेल्या क्ष-किरणांचा. ती मोजमापं फुकट मिळतात आणि साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडतात. दोन्ही जोडून वाचता आलं की मगच हा विषय कळायला लागतो.

आधी समजून घ्या: नेमकं काय पेटतं

सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो. त्याची त्रिज्या सूर्याच्या कित्येक पट, कधी शंभरपटीहून जास्त होते. तो तांबडा दिसू लागतो आणि त्याच्या पृष्ठभागावरून वायू सुटत राहतो. या वाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण १० ते ३० किलोमीटर, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात अगदी संथ. अशा ताऱ्याभोवती श्वेत बटू, न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा आक्रसलेला अवशेष, फिरत असेल, तर ते या वायूतला वाटा ओढून घेतं. वायू थेट खाली पडत नाही. गिरकी घेत आधी चकतीत जमतो आणि मग आत सरकतो.

आता एक हिशेब बघा, तो पुढे सगळीकडे लागणार आहे. हायड्रोजन जळून हेलियम होताना वस्तुमानाचा साधारण ०.७ टक्का भाग ऊर्जेत बदलतो. न्यूट्रॉन ताऱ्यावर वायू नुसता पडला, तरी १० ते २० टक्क्यांएवढी ऊर्जा सुटते. श्वेत बटूवर पडला, तर ०.१ टक्क्याच्याही आत. म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यावर पडण्यातच मोठी कमाई आहे, जळण्याची मिळकत त्यापुढे किरकोळ. श्वेत बटूचं उलट. तिथे मोठा भडका उडायचा तर साठलेला हायड्रोजन पेटावाच लागतो. स्फोटांचे प्रकार इथून वेगळे होतात.

श्वेत बटूवर वर्षानुवर्षं हायड्रोजनचा थर साठतो, तळाशी दाब आणि तापमान वाढत जातं आणि एक दिवस सगळा थर एकदम पेटतो. हाच नवतारा. ज्यांचा स्फोट माणसाच्या आयुष्यात परत होतो, ते पुनरावर्ती नवतारे. यात दृश्य प्रकाश आधी उफाळतो. उडालेला वायू राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यावर आदळतो आणि त्या आघातातून क्ष-किरण निघतात.

कृष्णविवराच्या जोडीत भडका चकतीचा असतो. थंड चकतीत वायू साठत जातो, तापमान काही हजार अंशांवर गेलं की हायड्रोजनच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटू लागतात, चकती अस्थिर होते आणि साठलेला माल धडाधड आत कोसळतो. जोडीदार जितका फुगलेला, तितकी कक्षा मोठी, तितकी चकती मोठी आणि स्फोटही तितका लांबतो. गरुड तारकासमूहातलं जीआरएस १९१५+१०५ हे याचं ठळक उदाहरण. तिथे कृष्णविवराचा जोडीदार राक्षसी तारा आहे आणि कक्षा ३३.८५ दिवसांची. १९९२ साली हा स्रोत सापडला आणि २०१८ पर्यंत तेजस्वीच राहिला. एका स्फोटाला पाव शतक!

न्यूट्रॉन तारा आणि राक्षसी तारा अशा जोडीत स्फोटापेक्षा चढउतार जास्त. जीएक्स १+४ हा १९७० साली फुग्यावरच्या उपकरणांनी शोधलेला स्रोत यातला सर्वांत अभ्यासलेला. याचा न्यूट्रॉन तारा काही मिनिटांत एक फेरी मारतो. सत्तरच्या दशकात ती फेरी जलद होत होती. १९८० च्या सुमारास स्रोत मंदावला, आणि परत दिसला तेव्हा फेरी संथ होत चालली होती. वाऱ्यातून येणारा वायू चकतीला कोणत्या बाजूने फिरवतो, यावर इथे अजून वाद चालतो.

कोणते तारे धरायचे

नवीन माणसाने आधी एकच तारा धरावा: टी कोरोने बोरिॲलिस, म्हणजे उत्तर मुकुटातला टी. पुढे सोयीसाठी नुसतं टी. तांबडा राक्षसी तारा आणि वस्तुमानाच्या जवळजवळ कमाल मर्यादेला पोचलेला जड श्वेत बटू एकमेकांभोवती २२७.६ दिवसांत फिरतात. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. १२ मे १८६६ ला हा दुसऱ्या प्रतीपर्यंत उजळला होता आणि ९ फेब्रुवारी १९४६ ला तिसऱ्या प्रतीपर्यंत. एरवी तो दहाव्या प्रतीच्या आसपास असतो. २०१५ पासून काही वर्षं तो नेहमीपेक्षा थोडा उजळ होता, २०२३ मध्ये मंदावला. १९४६ च्या आधीही असाच मंदावला होता, म्हणून तेव्हापासून जगभरचे निरीक्षक त्याच्यावर डोळा ठेवून आहेत.

दुसरा, भुजंगधारीतला आरएस ओफ्युकी. स्फोटांची नोंद १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि ८ ऑगस्ट २०२१. शांत असताना अकराव्या प्रतीच्या आसपास, स्फोटात साडेचारपर्यंत. याला चार ते सहा इंची दुर्बीण लागते.

तिसरा सरावासाठी: हंस तारकासमूहातला सीएच सिग्नी. द्विनेत्रीत सहज येतो आणि बदलतही राहतो.

कालेय तारकासमूहातला एजी ड्रेकोनिस मात्र मुद्दाम सांगावासा वाटतो. त्याच्या काही स्फोटांत दृश्य प्रकाश वाढतो आणि मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण उलट कमी होतात. तारा उजळला म्हणजे क्ष-किरणही वाढले, असं गृहीत धरणाऱ्याला हा तारा पहिल्याच खेपेला चुकीचा ठरवतो. साताऱ्याहून तो उत्तर क्षितिजावर जास्तीत जास्त ४१ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे उत्तरेला डोंगर नसलेली जागा हवी.

जीआरएस १९१५+१०५ आणि जीएक्स १+४ यांच्या मागे दुर्बीण घेऊन लागू नका. पहिल्याच्या आणि आपल्या मध्ये इतकी धूळ आहे की दृश्य प्रकाश पोचतच नाही. दुसरा घरगुती दुर्बिणीच्या फार पलीकडे मंद आहे. हे दोघे फक्त क्ष-किरणांच्या आलेखात पाहायचे.

जागा आणि हंगाम

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पश्चिमेला घाट आणि पूर्वेला दुष्काळी पट्टा. सहलीला कास, यवतेश्वर, पाचगणी छान, पण नियमित निरीक्षणाला पूर्वेची बाजू धरा: माण, खटाव, आटपाडी, जत. पाऊस कमी, हवा कोरडी, शहरं लांब. पठारांवर जून ते सप्टेंबर धुकं हलत नाही आणि इतर दिवसांतही पहाटे वर येतं. कासला रात्री थांबायचं तर आधी वनखात्याला विचारा. चाळकेवाडीचं आकाश काळं असतं, पण पवनचक्क्या तिथे उगाच उभारलेल्या नाहीत. ट्रायपॉड स्थिर राहत नाही आणि दहाव्या प्रतीचा तारा थरथरत्या दृश्यात हरवतो.

कृष्णाकाठी, म्हणजे कराड, वाळवा, मिरजेकडे, वेगळी अडचण. हिवाळ्यात उसाच्या रानातून दव लवकर उठतं. रात्री दहालाच भिंग ओलं. गाळप हंगामात पाचट जाळलं की धुराचा थर खालच्या २०-२५ अंशांत बसतो. म्हणून तारा ३० अंशांच्या वर आल्याशिवाय मोजमाप घेऊ नका. भिंगावर व्यायामाच्या फोमच्या चटईची नळी करून बसवा, भिंगाच्या व्यासाच्या दीडपट लांब. दव निम्म्याहून जास्त थांबतं. ओलं झालेलं भिंग रुमालाने पुसू नका. कोरड्या, उबदार जागी ठेवून वाळू द्या.

रानात एकट्याने जाऊ नका. कराड-शिराळ्याकडे उसात बिबट्या असतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. रानाच्या मालकाला आधी सांगून ठेवा. रात्रीच्या थ्री-फेजवर पंप चालू करायला माणसं येतात, आणि अंधारात अनोळखी माणूस दिसला की गोंधळ होतो.

टी साताऱ्याहून डोक्यावरून जेमतेम ८ अंश उत्तरेने जातो, सांगलीहून ९. याहून सोयीचा तारा मिळणार नाही. डिसेंबरअखेर तो पहाटे पूर्वेला दिसू लागतो, २० फेब्रुवारीच्या सुमारास मध्यरात्री उगवतो, २० मार्चला रात्री दहाच्या आसपास, आणि २० मेच्या सुमारास संध्याकाळी उगवून साडेबाराला माथ्यावर. उगवल्यावर सव्वादोन तासांत ३० अंशांवर चढतो. फेब्रुवारी ते मे हा आपला खरा हंगाम.

मग पाऊस. आरएस ओफ्युकीचा २०२१ चा स्फोट ऑगस्टमधला. धनू राशीतल्या व्ही३८९० सॅजिटेरीचा २०१९ चा स्फोटही ऑगस्टअखेरचाच, सांगली महापुरातून सावरत होती तेव्हाचा. तारे आपला मोसम बघत नाहीत. पावसाळ्यात ढगांत अर्ध्या तासाची फट पडली तरी बाहेर पडा. जत-आटपाडीकडे अशा फटी बऱ्याच पडतात, आणि तेव्हा भारतातल्या नोंदी फार थोड्या असल्याने तुमची एक नोंदही उपयोगी ठरते.

तारा शोधणं

स्वातीपासून अभिजितकडे रेघ ओढा. तिच्या एक तृतीयांश अंतरावर सात ताऱ्यांची वाटी दिसते, तोच उत्तर मुकुट. वाटीतला सर्वांत तेजस्वी तारा अल्फेक्का, २.२ प्रतीचा. वाटीच्या पूर्व टोकाजवळ एप्सिलॉन, ४.१ प्रतीचा. टी एप्सिलॉनपासून सुमारे एक अंश दक्षिण-आग्नेयेला आहे, म्हणजे दोन पूर्ण चंद्रांएवढ्या अंतरावर. मुकुट पूर्वेला उगवत असेल, तर एप्सिलॉनच्या उजवीकडे किंचित खाली. १०×५० (दहापट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिमी भिंगाच्या) द्विनेत्रीत दोन्ही एकाच दृश्यात मावतात.

अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही १९११ सालची संस्था आहे. तिच्या संकेतस्थळावर कोणत्याही रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्याचा नकाशा फुकट काढता येतो. दोन नकाशे काढा: एक १५ अंशांचा, द्विनेत्रीसाठी, दुसरा एक-दोन अंशांचा, दुर्बिणीसाठी. नकाशावर ९८ लिहिलं असेल तर ९.८ प्रत समजा. दशांश चिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, कारण टिंब म्हणजे तारा वाटतो. नकाशा काढताना दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं की आरशासारखं, ते निवडायला विसरू नका. चुकीचा तारा मोजण्याचं सर्वांत सामान्य कारण हेच.

टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाच्या तीन-चार घड्या लावा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं द्या, आणि त्यानंतर मोबाइल खिशात.

डोळ्याने प्रत ठरवणं

टीपेक्षा थोडा तेजस्वी आणि थोडा मंद असे दोन तुलना-तारे, म्हणजे नकाशावर प्रत लिहिलेले तारे, शोधा. समजा एक ९.६ चा, दुसरा १०.२ चा. टी त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवा. तेजस्वीकडून एक तृतीयांशावर वाटला तर ९.८. एवढंच. दशांशाच्या पुढे जाऊ नका, डोळ्याची ती कुवत नाही.

पण टी तांबडा आहे, आणि इथे डोळा फसवतो. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो हळूहळू उजळत गेल्यासारखा वाटतो. म्हणून टक लावायची नाही. दोन सेकंद टी, दोन सेकंद तुलना-तारा, परत टी, अशी नजर फिरवत राहा. दोन्ही तारे दृश्याच्या मध्यापासून सारख्या अंतरावर आणा आणि दोघांना जोडणारी रेघ डोळ्यांच्या रेषेला समांतर ठेवा, त्यासाठी मान थोडी वाकवावी लागते. रेघ उभी असेल तर खालचा तारा उजळ वाटतो.

१०×५० मध्ये, काळ्या आकाशात, शांत टी अगदी कडेवर असतो. शहरात दिसणारच नाही. १५×७० ला दिसतो, चार इंची दुर्बिणीला आरामात. ज्या रात्री दिसला नाही, त्या रात्रीही नोंद करा: दिसलेला सर्वांत मंद तुलना-तारा कोणता, आणि टी त्याहून मंद. ही नोंद फुकट जात नाही. स्फोट झालाच, तर तो किती वाजेपर्यंत झालेला नव्हता हे अशाच नोंदींवरून ठरतं. या जातीच्या ताऱ्यांचा चढ काही तासांचा असतो, आणि भारतातली रात्र चालू असते तेव्हा अमेरिकेत दिवस असतो.

कॅमेऱ्याने

५० मिमीची लेन्स, एफ २.८, आयएसओ ८००, ५ सेकंद, ट्रायपॉडवर, सलग २० फोटो. रॉ स्वरूपातच घ्या. जेपेगमध्ये कॅमेरा उजेडाचं प्रमाण स्वतःच बदलतो आणि मोजमाप निरुपयोगी होतं. फोकस किंचित ढळवा, म्हणजे तारा आठ-दहा पिक्सेलवर पसरेल. टाचणीच्या टोकासारखा तारा तीन-चार पिक्सेलवरच पडतो, ते भरून वाहतात आणि तेजस्वी तारा आहे त्याहून मंद मोजला जातो. नंतर लेन्सवर झाकण लावून त्याच सेटिंगला २० फोटो. पांढरा सुती कपडा ताणून, संध्याकाळच्या आकाशाकडे धरून आणखी २०. झाकण लावलेल्यांनी गरम पिक्सेल, म्हणजे अंधारातही उजळ येणारे ठिपके, जातात, कपड्याच्यांनी कडांचा अंधार आणि धुळीचे डाग.

शांत टी ५० मिमीला नीट मोजता येत नाही. त्याला १३५ मिमी लावा, २ सेकंदांचे ६० फोटो घ्या आणि एकावर एक रचा. यासाठी सिरिल आणि एएसटॅप हे दोन्ही प्रोग्राम फुकट आहेत. मोजताना फक्त हिरवा रंग घ्या, तो खगोलशास्त्रातल्या व्ही पट्ट्याच्या (हिरवट-पिवळ्या प्रकाशाच्या) सर्वांत जवळचा, आणि नोंदीत पट्टा टीजी असा लिहा. तुलना-तारा शक्यतो टीसारख्याच रंगाचा निवडा. निळसर तारा घेतला तर चूक सहज एक-दोन दशांशांची होते.

वेळ लिहिताना

या सगळ्यात वेळेची चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत उशिरा कळते. जागतिक वेळ म्हणजे आपली वेळ वजा साडेपाच तास. १५ मार्चला पहाटे २ वाजून १० मिनिटांनी पाहिलेला तारा जागतिक वेळेनुसार १४ मार्चला २०:४० चा. तारीख बदलते, तिथेच चुकतं.

ज्युलियन दिनांक, म्हणजे खगोलशास्त्रात वापरतात ती दिवसांची सलग मोजणी, जागतिक दुपारी बारा वाजता बदलतो, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला. त्यामुळे भारतातली अख्खी रात्र एकाच ज्युलियन दिनांकात बसते, ही आपल्याला मिळालेली मोठी सोय आहे. उपग्रहांच्या फायलींत मात्र सुधारित ज्युलियन दिनांक असतो, एमजेडी. तो ज्युलियनमधून २४०००००.५ वजा केल्यावर मिळतो आणि आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. २५ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे साडेपाचला एमजेडी ६०००० सुरू झाला. वरची १५ मार्चची नोंद २०२६ मधली असेल, तर तिचा एमजेडी ६१११३.८६१ आणि ज्युलियन दिनांक २४६१११४.३६१. हा हिशेब एकदा वहीत स्वतः करून पाहा.

क्ष-किरणांचा आलेख

जपानचं मॅक्सी हे उपकरण २००९ पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आहे. स्थानक ९२ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतं आणि मॅक्सी त्या ओघात जवळजवळ सगळं आकाश चाळतं. त्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्रोताची दिवसागणिक फाइल आहे. सुरुवात जीआरएस १९१५+१०५ ने करा, कारण तिथे काय दिसायला हवं ते आधीच माहीत आहे.

फाइल उतरवा. लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडताना रकाने मोकळ्या जागेने तोडायला सांगा. पहिला रकाना एमजेडी. दुसरा २ ते २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमधलं (हे क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) तेज, तिसरा त्याची त्रुटी, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता. पुढे २–४, ४–१० आणि १०–२० हे पट्टे, प्रत्येकाशेजारी त्याची त्रुटी. एमजेडीतून १५०१८ वजा केले की स्प्रेडशीटची तारीख मिळते. भारतीय वेळ हवी तर ०.२२९१७ मिळवा. मग एक्स-वाय प्रकारचा आलेख काढा, रेघ न जोडता फक्त ठिपके. २०१८ मध्ये तेज कसं कोसळतं ते स्वतःच्या आलेखात दिसेल. दिसलं नाही, तर रकाना चुकलाय.

तेज क्रॅबमध्ये मोजायची रीत आहे, म्हणजे वृषभेतल्या क्रॅब तेजोमेघाच्या तुलनेत. मॅक्सीच्या २–२० पट्ट्यात एक क्रॅब म्हणजे साधारण तीन ते साडेतीन. नेमका आकडा पाठ करण्यापेक्षा क्रॅबचीच फाइल उतरवा, सरासरी काढा आणि तिने भागा. 

आता चुका. मंद स्रोतांत उणे आकडे येतात. ते पुसू नका. मोजमाप शून्याच्या दोन्ही बाजूंना डोलतं, आणि उणे काढून टाकले की सरासरी खोटी वर चढते व नसलेला स्फोट दिसू लागतो. एकटा उंच ठिपका म्हणजेही स्फोट नव्हे. आधी त्रुटी बघा. सलग तीन दिवस त्रुटीच्या तिप्पट वर असेल, तरच पुढे बघायचं. डिसेंबरच्या मध्याला सूर्य जीएक्स १+४ च्या भागातून जातो, तेव्हा फाइलमध्ये खड्डा किंवा भलते आकडे येतात. दरवर्षी त्याच आठवड्यात येणारा उंचवटा सूर्याचा समजा.

यापुढची पायरी कठोरतेची: ४–१० चं तेज भागिले २–४ चं तेज. तेज वाढताना हा भागाकार घसरला, तर मऊ क्ष-किरण जास्त वेगाने वाढले, म्हणजे तापलेली चकती पुढे आली. भागाकार वर गेला आणि तेज घटलं, तर मध्ये वायूचा पडदा आला असण्याची शक्यता आधी तपासा. राक्षसी ताऱ्याच्या दाट वाऱ्यात असा पडदा सर्रास येतो, आणि पडदा मऊ किरण आधी खातो.

स्विफ्ट उपग्रहाच्या बॅट उपकरणाच्या फायलीही अशाच, पट्टा १५–५०, तिथे एक क्रॅब म्हणजे ०.२२. डेटा फ्लॅगच्या रकान्यात शून्य असलेल्या ओळीच घ्या. ज्यांना लिनक्स येतं त्यांनी पुढे ॲस्ट्रोसॅटकडे वळावं. २८ सप्टेंबर २०१५ ला सोडलेल्या या भारतीय उपग्रहाने व्ही३८९० सॅजिटेरीचा २०१९ चा स्फोटही पाहिला. त्याचा जुना डेटा इस्रोच्या संग्रहातून खुला मिळतो, आणि मदत कक्ष पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहे, आपल्यापासून बसने काही तासांवर.

उजळला असं वाटलं तर

टी शांत असतानाही ११४ दिवसांच्या लयीत दोन-तीन दशांश वरखाली होतो. राक्षसी तारा जोडीदाराच्या ओढीने थेंबासारखा ताणलेला आहे. आडवा दिसला की उजळ, टोकाकडून दिसला की मंद. नवीन माणूस ९.८ बघून हाकाटी करतो, ती या लयीमुळे. आठव्या प्रतीपेक्षा तेजस्वी दिसला, तरच उठा. नकाशा परत लावून पाहा. एप्सिलॉनलाच टी समजला नाहीत ना? फोटोत असेल तर कॅमेरा जरा हलवून दुसरा घ्या. गरम पिक्सेल जागचा हलत नाही, तारा हलतो. पाच मिनिटांनी पुन्हा बघा, म्हणजे उपग्रहाची चमक बाद होईल. शक्य तर दुसऱ्या गावातल्या माणसाला नुसतं “मुकुट बघ” एवढंच सांगा, काय दिसतंय ते सांगू नका.

खरा असेल तर नकाशे देणाऱ्या त्याच अमेरिकन संस्थेला लगेच कळवा आणि दर दहा मिनिटांनी मोजत राहा. तुलनेला एप्सिलॉन ४.१, गॅमा ३.८ आणि अल्फेक्का २.२. अल्फेक्का स्वतःही जोडतारा आहे आणि १७.३६ दिवसांनी ग्रहण लागून दशांशभर मंदावतो, तेवढं ध्यानात ठेवा. नुसत्या डोळ्यांना टी जेमतेम आठवडाभर दिसेल, त्यामुळे पहिल्या रात्री झोपेचा विचार नको.

क्ष-किरणांचा क्रम यापुढे चालू राहतो. पहिल्या दिवसांत आघाताचे कठोर, म्हणजे जास्त ऊर्जेचे, किरण. मग उडालेला वायू विरळ होतो आणि श्वेत बटूचा अजून जळत असलेला पृष्ठभाग उघडा पडतो, त्यातून अतिशय मऊ किरण येतात. आरएस ओफ्युकीच्या २००६ च्या स्फोटात हा टप्पा साधारण महिन्याभराने आला. त्याच स्फोटाचा रेडिओ प्रकाश नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीनेही टिपला होता. आरएस ओफ्युकीच्या अशा फायली उतरवून, त्यांवर त्याच दिवसांतल्या दृश्य नोंदी ठेवून बघितल्या असतील, तर टीच्या वेळी पुढे काय येणार ते ओळखता येईल.

आणि महिन्याभरात टी परत दहाव्या प्रतीला आला की नोंदी थांबवू नका. १८६६ आणि १९४६ दोन्ही वेळा, पहिल्या स्फोटानंतर साडेतीन महिन्यांच्या सुमारास तो पुन्हा उजळला, आठव्या प्रतीपर्यंत. तो दुसरा उंचवटा द्विनेत्रीच्या आवाक्यात आहे. पहिला स्फोट फेब्रुवारीच्या आसपास झाला, तर हा उंचवटा ऐन जूनमध्ये येईल. तेव्हा जत किंवा म्हसवडकडे बसायला जागा आत्ताच बघून ठेवा.